पोटात पाय, पायाला भिंगरी

गोगलगाय आणि पोटात पाय, असे आपण वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून पोचलेल्या माणसाबद्दल म्हणतो. प्राणिशास्त्रज्ञ या जिवांच्या वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थही जवळजवळ हाच आहे, पोट हाच ज्याचा पाय. म्हणजे आपल्या आज्या आणि युरोपातले पंडित एकमेकांना न विचारता एकाच निरीक्षणाशी येऊन पोचले होते. आज ज्या माणसाविषयी लिहायचे आहे त्याला ही गोष्ट कळली असती तर तो नक्की खूश झाला असता. तळ्यातल्या प्राण्यांइतकेच त्यांच्या काठी राहणाऱ्या माणसांच्या चालीरीतींचेही त्याला वेड होते. त्याचे नाव थॉमस नेल्सन ॲनंडेल.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नाव परिचयाचे असते. भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे ते पहिले संचालक. ही संस्था १ जुलै १९१६ रोजी कलकत्त्यात सुरू झाली. आमचा नंदुरबार जिल्हाही १ जुलैचाच, मात्र १९९८ सालचा. धुळ्यापासून वेगळा झाला तो. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण शहाद्याच्या माणसाला ॲनंडेलसाहेबांविषयी आपलेपणा वाटायला एवढे निमित्तही पुरते. दुसरे आणि अधिक वजनदार निमित्त आमचा सातपुडा आहे. त्याकडे पुढे येईनच.

ॲनंडेल यांचा जन्म १५ जून १८७६ चा, एडिंबरोचा. वडील तिथल्या विद्यापीठात शस्त्रक्रियेचे नामांकित प्राध्यापक. मुलगा डॉक्टर होईल अशी कुणाचीही समजूत झाली असती. पण या मुलाच्या पायाला भिंगरी होती. रग्बीच्या शाळेतून तो ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात गेला आणि सुट्ट्या लागल्या की उत्तरेकडच्या थंडगार बेटांवर, फॅरो आणि आइसलँडला जाऊ लागला. तिथले पक्षी, कीटक, घरे, अवजारे, मासेमारी असे सगळे त्याने टिपून ठेवले आणि त्यातून १९०५ मध्ये एक पुस्तकही झाले. दरम्यान १८९९ मध्ये स्कीट यांच्या मोहिमेबरोबर तो मलाया द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जाऊन आला. १९०१-०२ मध्ये हर्बर्ट रॉबिन्सन यांच्याबरोबर पुन्हा गेला. बर्फाळ बेटे आणि उष्ण जंगले, दोन्ही एकाच माणसाने तिशीच्या आत पायाखाली घातली होती.

१९०४ मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये उपअधीक्षक म्हणून आले. वरिष्ठ होते आल्कॉक, खोल समुद्रातल्या प्राण्यांचे जाणकार. आल्कॉक गेल्यावर १९०७ मध्ये अधीक्षकपद ॲनंडेल यांच्याकडे आले आणि त्याच वर्षी म्युझियमची दोन नियतकालिके सुरू झाली. एक छोट्या टिपणांसाठी, दुसरे मोठ्या प्रबंधांसाठी. हे वरवर कारकुनी काम वाटते. पण एखाद्या ओढ्यात काय सापडले हे छापायला हक्काची जागाच नसेल तर सापडलेले बाटलीत राहते आणि बाटली कपाटात. ॲनंडेल यांनी कपाट उघडले, असे मला वाटते.

त्यांची कामाची तऱ्हाही वेगळी होती. त्या काळी प्राणिशास्त्र म्हणजे बरेचसे अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या नमुन्यांचे शास्त्र होते. ॲनंडेल यांना प्राणी जिवंत बघायचा असे, तोही त्याच्या पाण्यात. म्युझियमच्या आवारातच एक तळे होते. वर्षभरात त्या तळ्यात काय काय होते, उन्हाळ्यात पाणी उतरले की स्पंज कसे वाळतात, त्यांच्या बियांसारख्या गुठळ्या पाऊस पडल्यावर कशा पुन्हा जीव धरतात, हे त्यांनी खिडकीतून बघावे तितक्या जवळून पाहिले. १९११ मध्ये गोड्या पाण्यातले स्पंज, हायड्रा आणि त्यांचे सोयरे यांच्यावर त्यांचा ग्रंथ निघाला. गोड्या पाण्यात स्पंज असतो हे आजही अनेकांना ठाऊक नसते. आंघोळीचा स्पंज तो समुद्रातला. हा तळ्याच्या पायरीला चिकटलेला, हिरवट किंवा करडा, वास मारणारा.

याच सुमारास एका मराठी माणसाची आणि त्यांची गाठ पडली. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत होते. सातारा भागातल्या सह्याद्रीच्या नदीत त्यांना चक्क जेलीफिश सापडले. जेलीफिश म्हणजे समुद्राचे प्राणी. गोड्या पाण्यातला त्यांचा हा प्रकार तोवर आफ्रिकेतच माहीत होता. १९११ मध्ये ॲनंडेल यांनी त्याची ओळख शास्त्रीय जगाला करून दिली आणि त्याच्या नावात भारताचे नाव घातले. आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक. आज त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाची पहिली मोठी कमाई एक प्राणी असावी, याची मला नेहमीच मौज वाटते.

पुढची काही वर्षे ॲनंडेल यांच्या प्रवासाचा नकाशा काढायचा तर कागद पुरायचा नाही. १९१२ मध्ये पॅलेस्टाइनचे तिबेरियास सरोवर, मग ओरिसाचे चिलका, जपानचे बिवा, चीनचे ताई हू, सयामचा ताले साप, १९१७ मध्ये ब्रह्मदेशातले इनले, आणि महायुद्ध संपता संपता इराणच्या सीमेवरची सेस्तानची दलदल. सगळीकडे प्रश्न एकच. हे पाणी कधीपासून इथे आहे, यातले प्राणी कुठून आले आणि इथे राहून ते कसे बदलले? इनलेच्या तळ्यात त्यांना अशा गोगलगायी मिळाल्या की ज्यांच्या शंखांवरचे कंगोरे आणि काटे एकाहून एक चढत गेलेले. त्यांच्यासाठी त्यांनी १९१८ मध्ये ‘ताइया’ नावाची नवी प्रजातीच केली. तळे हे त्यांना एका बेटासारखे वाटत असावे. फॅरोपासून सुरू झालेला बेटांचा नाद असा गोड्या पाण्यात उतरला.

आपल्याकडचे मात्र त्यांनी तळे नव्हे, ओढे निवडले. मुंबई इलाख्यातल्या काही छोट्या ओढ्यांच्या जीवसृष्टीवर त्यांचे लेखन १९१९ मध्ये म्युझियमच्या नियतकालिकात आले. त्यातला माशांवरचा भाग मुख्यतः सातारा आणि पुणे जिल्ह्यांतला आहे. जगभरची सरोवरे पाहिलेल्या माणसाने पावसाळ्यात धो धो वाहणारे आणि मे महिन्यात डबक्यांपुरते उरणारे आपले ओहोळ इतक्या आस्थेने पाहावेत, हे मला विशेष वाटते. आपण स्वतः त्यांच्याकडे कपडे धुण्यापलीकडे क्वचितच पाहतो. ओढ्यात राहायचे तर प्राण्याला दोन संकटांसाठी तयार असावे लागते, वाहून जाणे आणि वाळून जाणे. कुणी दगडाला चिकटतो, कुणी चिखलात दडतो, कुणी अंडी ठेवून मरतो. सह्याद्रीच्या धबधब्यांच्या ओल्या कातळांवर क्रेम्नोकोंकस नावाची एक गोगलगाय असते. तिचे सगळे नातलग समुद्रकाठच्या खडकांवर राहतात. ही मात्र घाटमाथा चढून गोड्या पाण्याची झाली आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. ॲनंडेल यांचे सहकारी बेनी प्रसाद यांनी १९२५ मध्ये तिच्या शरीररचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला.

आता ॲनंडेल यांच्या आयुष्यातल्या त्या प्रकरणाकडे येतो, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी पलटणी इजिप्त आणि मेसोपोटेमियात लढत होत्या. तिकडे बिल्हार्झिया नावाचा रोग पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला. रोग्याच्या लघवीतून रक्त जाते, माणूस वर्षानुवर्षे खंगत राहतो. १९१३ मध्ये जपानात मियाइरी आणि सुझुकी यांनी तिकडच्या जातीबद्दल, आणि १९१५ मध्ये इजिप्तमध्ये लायपर यांनी तिथल्या जातींबद्दल दाखवून दिले की या रोगाचा किडा माणसातून थेट माणसात जात नाही. मधे त्याला पाण्यातली गोगलगाय लागते. रोग्याच्या मलमूत्रातून अंडी पाण्यात पडतात, त्यातले पिल्लू ठरावीक जातीच्या गोगलगायीत शिरते, तिच्यात वाढून हजारोंनी बाहेर पडते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसते. पाणी पिण्याचीही गरज नाही, पाय बुडवले तरी पुरे.

म्हणजे परतणाऱ्या शिपायांबरोबर किडा हिंदुस्थानात येणार हे उघड होते. तो इथे रुजेल की नाही, हे आमच्या तळ्याओढ्यांतल्या गोगलगायींवर ठरणार होते. कालपर्यंत कुणाला फारशी किंमत नसलेल्या, शंख गोळा करणाऱ्यांच्या हौसेचा मानलेल्या विषयावर एकदम लाखोंच्या प्रकृतीचा प्रश्न येऊन पडला. नव्या सर्वेक्षणाची आणि त्याच्या जुन्या कपाटांची खरी परीक्षा ती होती. कोणती गोगलगाय कुठे राहते, ती कोणत्या घराण्यातली, इजिप्तमधल्या वाहकांशी तिचे नाते जवळचे की लांबचे? केम्प आणि ग्रेव्हली यांनी १९१९ मध्ये या धोक्याचा विचार मांडला. स्यूएल यांनी गोगलगायींमधून बाहेर पडणाऱ्या परजीवींच्या पिल्लांवर १९२२ मध्ये मोठे काम प्रसिद्ध केले. स्वतः ॲनंडेल यांनी स्यूएल यांच्याबरोबर तळ्यात सर्रास आढळणाऱ्या पट्टेरी गोगलगायीवर १९२१ मध्ये जवळपास ऐंशी पानांचा प्रबंध लिहिला. एका गोगलगायीवर ऐंशी पाने म्हटल्यावर हसू येईल. पण ही अंडी न घालता जिवंत पिल्ले देणारी बाई आहे आणि तिच्या पोटात एकाच वेळी निरनिराळ्या वयाची पिल्ले असतात, हे कळल्यावर पाने कमी वाटू लागतात.

या सगळ्यात मुख्य संशयित होती एक चपटी, दोराच्या वेटोळ्यासारखी, तपकिरी गोगलगाय. आपल्या भातखाचरांत, गुरांच्या डबक्यांत, विहिरीच्या पाटात ती असतेच. तिच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून ती चिरडली तर लाल डाग पडतो. ॲनंडेल आणि बेनी प्रसाद यांनी तिचे अंतरंग तपासून ठरवले की ही कुणाच्याही घरात कोंबण्यासारखी नाही, आणि १९२१ मध्ये तिला स्वतःचे घराणे दिले, इंडोप्लानॉर्बिस. त्याच वर्षी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. सोपारकरांनी या गोगलगायीतून निघणाऱ्या एका किड्याच्या पिल्लांचे वर्णन प्रसिद्ध केले. तो किडा बिल्हार्झियाच्या कुळातलाच, पण माणसाचा नव्हे, गुरांचा. कलकत्त्यात नाव ठरत होते आणि परळला तिचा गुन्हा सिद्ध होत होता. तिच्याच मार्फत पसरणारा आणखी एक किडा गुरांच्या नाकात राहतो आणि बैलाला अक्षरशः घोरायला लावतो. भाताच्या चिखलात उतरलेल्यांच्या पायांना उठणारी खाजही कित्येकदा याच कुळातल्या वाट चुकलेल्या पिल्लांची असते.

माणसाच्या रोगाला लागणाऱ्या इजिप्तच्या गोगलगायी आपल्याकडे नव्हत्या आणि तो रोग भारतभर पसरला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या एका गावात मात्र १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तो माणसांत असल्याचे दाखवले. तिथे संशयाचे बोट एका इवल्या, टोपीच्या आकाराच्या गोगलगायीकडे गेले. एका गावापुरते राहिलेले ते प्रकरण वाचताना पलटणी परतत होत्या त्या दिवसांची आठवण होऊन अंगावर काटा येतो.

इथवर आपण बाहेरून येणाऱ्याची चर्चा केली. आपल्याकडून बाहेर गेलेल्यांचेही थोडे बोलले पाहिजे. ॲनंडेल यांनी जिच्या नावात हिंदुस्थान घातला ती चपटी गोगलगाय नंतरच्या काळात आफ्रिकेत आणि कॅरिबियन बेटांवर जाऊन स्थायिक झाली. तापीच्या वाळूत हात घातला तर बोटाएवढ्या लांबट, स्क्रूसारख्या पिळाच्या गोगलगायी लागतात. त्यांच्या जातीला म्युलर यांनी १७७४ मध्ये नाव दिले ते कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. घरात काचेच्या टाकीत मासे पाळायच्या हौसेपायी त्या अमेरिकेला गेल्या आणि टेक्सास, फ्लोरिडातल्या नितळ झऱ्यांत पसरल्या. टेक्सासच्या झऱ्यांत त्यांच्याबरोबर एक परजीवीही पोचला आणि तिथल्या दुर्मिळ माशांच्या कल्ल्यांत घर करू लागला. झरा नेहमी ठरावीक उबेचा असतो, पाणी हटत नाही, म्हणून अशा पाहुण्यांना तो फार मानवतो. शिवाय या जातीत नराची गरज नसते, एकटी मादी गोकुळ उभे करते. चपटीचेही तेच, ती एकाच देहात नर आणि मादी दोन्ही आहे, जोडीदार नाही मिळाला तरी अडत नाही. अशा प्राण्याला नवा देश जिंकायला फौज लागत नाही.

आणि आपल्याकडे आलेल्या? सर्वांत गाजलेली म्हणजे आफ्रिकेची महाकाय गोगलगाय, मात्र ती जमिनीवरची. १८४७ मध्ये बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेली ही गोगलगाय कलकत्त्याला चौरंगीतल्या एका बागेत सुटली. तोच चौरंगीचा रस्ता, ज्यावर पुढे इंडियन म्युझियमची इमारत उभी राहिली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीडकडच्या शेतकऱ्यांची कोवळी सोयाबीन तिने रातोरात फस्त केली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेच. गोड्या पाण्यात तिच्याइतका गाजावाजा न करता आलेली आहे फायसा. तिचे वर्णन द्रापार्नो यांनी १८०५ मध्ये फ्रान्समध्ये केले, म्हणून ती युरोपचीच असे दोनशे वर्षे समजले गेले. आता ती मूळची उत्तर अमेरिकेची असल्याचे मानले जाते. ज्या गावाने पाळण्यात नाव ठेवले ते गाव जन्माचे नव्हते! ती हवेत श्वास घेते, सांडपाण्यातही मजेत राहते, पाणवनस्पतींच्या पानांना चिकटून प्रवास करते. महाराष्ट्रातूनही तिच्या नोंदी आहेत.

परके कोण आणि घरचे कोण, हे सांगायला आधी कुणीतरी घरच्यांची यादी केलेली असावी लागते. ॲनंडेल यांच्या कामाची किंमत मला इथे कळते.

त्यांच्या मोठेपणाचा आणखी एक पैलू माणसे निवडण्याचा. सरकारी खात्यांत हिंदी माणसाला वरच्या जागा सहज मिळत नव्हत्या त्या काळात त्यांनी बेनी प्रसाद आणि सुंदरलाल होरा यांना हाताशी धरले. होरांची आणि त्यांची भेट १९१९ मध्ये लाहोरला झाली. दोघेही पुढे सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. होरांना ॲनंडेल यांच्याकडून डोंगरी ओढ्यांतल्या माशांचा छंद लागला. पोटाला चोषक असलेले, खडकाला घट्ट बिलगणारे मासे आसामच्या डोंगरांत आहेत आणि इतक्या दूर सह्याद्रीतही आहेत. मधे एवढा पठारी मुलूख असताना ते गेले कसे? होरांनी उत्तर मांडले की विंध्य-सातपुड्याच्या डोंगररांगांच्या वाटेने, ओढ्यामागून ओढा ओलांडत, हवा अधिक ओली असण्याच्या काळात ते पश्चिमेला आले आणि सह्याद्रीत उतरले. ‘सातपुडा गृहीतक’ या नावाने हे जगभर चर्चेत आले. पुढे त्यावर बरेच आक्षेप आले. सारख्या परिस्थितीत वेगवेगळ्या वंशांचे प्राणी सारखेच दिसू लागतात, असाही एक युक्तिवाद झाला. मजा म्हणजे १९२४ च्या जानेवारीत बंगलोरला सायन्स काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून ॲनंडेल बोलले तो विषय हाच होता.

गृहीतक खरे असो की नसो, तोरणमाळच्या कड्यावरून अक्राणीकडे पाहताना मला ते आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या ज्या डोंगरातून एसटीला घाम फुटतो, त्यातून बोटाएवढे मासे लाखो वर्षे वाट काढीत गेले असतील, ही कल्पनाच माणसाला नम्र करते. आणि आज सुरतेच्या बाजारातून घेतलेली शोभेची वेल एका रात्रीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून शहाद्याला पोचते. सोबत पानाखाली जेलीसारखा अंड्यांचा ठिपका असतो. महिन्याने टाकी शेवाळते, कंटाळा येतो आणि पाणी गटारात जाते. गटार नाल्याला, नाला गोमाईला, गोमाई प्रकाशाजवळ तापीला. तिथून पुढे बंधाऱ्यांचे संथ पाणी आहे. ओढ्याच्या दोन संकटांपैकी वाहून जाणे आणि वाळून जाणे, दोन्ही तिथे मिटलेली असतात. शहाद्याजवळ उनपदेवचा गरम झरा आहे, यात्रेला लोक आंघोळीला जातात. अशा बारमाही उबदार पाण्याला पाहुणे का भुलतात हे टेक्सासवाल्यांनी पाहिले आहे.

ॲनंडेल यांचे निधन कलकत्त्यातच १० एप्रिल १९२४ रोजी झाले. बंगलोरच्या भाषणाला तीन महिने झाले होते. वय अवघे सत्तेचाळीस. लंडनच्या रॉयल सोसायटीचा मानही त्याच वर्षीचा. चिलकावरचे काम प्रसिद्ध होत होते, होरा आणि प्रसाद विशी-तिशीत होते.

त्यांच्या माघारी त्या कपाटांवर एक संकट आले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने सर्वेक्षणाचा संग्रह कलकत्त्याहून काशीला हलवला. १९४३ मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि ज्या पाण्यातल्या जिवांचा तो संग्रह होता त्या पाण्यानेच त्याचे मोठे नुकसान केले. जे वाचले ते परत कलकत्त्याला गेले. पश्चिम भारतासाठी सर्वेक्षणाची शाखा १९५९ मध्ये पुण्यात सुरू झाली.

घरच्या मुलांना घेऊन कधी ओढ्यावर गेलात तर एक साधी तपासणी करता येते. पाण्यातला बोराएवढा किंवा त्याहून लहान, पातळ, टोकदार शंख उचला. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजव्या हाताला असेल तर ती बहुधा आपल्याकडची जुनी रहिवासी. डाव्या हाताला असेल आणि शंख चपटा नसेल, तर ती बहुधा फायसा. तिला दुसऱ्या ओढ्यात नेऊ नका, आणि घरी आणलीच तर ते पाणी उन्हात मातीवर ओता, नाल्यात नको.